चावा कोणी घेतला हे छापता, तसे तो कसा घडला हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रा चावल्याची बातमी येते तेव्हा जातीचे नाव मथळ्यातच असते. कुत्रे साखळीला होते की मोकळे, फाटकाची कडी लागते का, मुलाजवळ मोठे माणूस होते का, कुत्र्याने आधी कधी कोणावर दात विचकले होते का, यातले काही बातमीत सापडत नाही. आम्ही कुत्र्यांच्या वर्तनावर आणि प्रशिक्षणावर काम करणारी माणसे आहोत. पिटबुल, बुली, स्टॅफी अशा बुल जातींबद्दल लोकांचे मत गेल्या काही वर्षांत दोन टोकांना गेले आहे. एका बाजूला ‘हे राक्षस आहेत, संपवा’, दुसऱ्या बाजूला ‘ही तर लहान मुलांची दाई’. दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे माणसे जखमी होतात, म्हणून हे पत्र.

आधी नावाचा घोळ. पिटबुल हे एका नेमक्या कुत्र्याचे नाव राहिलेले नाही. अमेरिकन पिटबुल टेरियरची नोंद अमेरिकेतल्या युनायटेड केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने 1898 मध्ये केली. त्याच रक्ताची वेगळी शाखा अमेरिकन केनेल क्लबने 1936 मध्ये स्टॅफर्डशायर टेरियर म्हणून स्वीकारली आणि 1972 मध्ये तिच्या नावामागे ‘अमेरिकन’ लावले. ब्रिटनमधला स्टॅफर्डशायर बुल टेरियर, म्हणजे स्टॅफी, निराळा, त्याला 1935 मध्ये मान्यता मिळाली. त्याशिवाय लांबट अंडाकृती तोंडाचा बुल टेरियर, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बुलमास्टिफ आणि अलीकडचा अमेरिकन बुली. यातला स्टॅफी जेमतेम 11 ते 17 किलोचा, तर बुलमास्टिफ 50 किलोच्या पुढे जातो. एवढ्या फरकाच्या कुत्र्यांना एकच नियम लावायचा तर तो नेमका कोणाला लावायचा?

बघून ओळखायचे म्हणाल तर तेही जमत नाही. फ्लोरिडातल्या चार आश्रयगृहांतल्या 120 कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज कुत्री हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांवर पिटबुलचा शिक्का मारला होता. डीएनए चाचणीत 120 पैकी त्या वंशाची निघाली 25. रुंद डोके, आखूड केस आणि छातीवर पांढरा पट्टा एवढ्यावर जात ठरवली जाते, तीच बातमीत जाते आणि बातम्यांवरून पुढची आकडेवारी तयार होते.

याचा अर्थ रक्ताला काहीच अर्थ नाही असा नव्हे. ब्रिटनमध्ये बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ शतकानुशतके चालला. कुत्र्याने बैलाचे नाक धरायचे आणि काही झाले तरी सोडायचे नाही. 1835 च्या कायद्याने तो बंद झाला, तेव्हा बुलडॉगचा टेरियरशी संकर करून खड्ड्यात कुत्र्यांच्या झुंजी लावणे वाढले. पिट म्हणजे तो खड्डा. त्या निवडीतून आलेल्या तीन गोष्टी आजही काही वंशावळींत दिसतात: धरले की धरून ठेवणे, दुखले तरी न हटणे आणि दुसऱ्या कुत्र्याशी चटकन जुंपणे. जबड्याला कुलूप लागते ही मात्र भाकडकथा आहे. या कुत्र्यांच्या जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. सुटत नाही तो त्यांचा हट्ट.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात 18,385 कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे आणि 2,155 कुत्र्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. एका कुत्र्याच्या वागण्यात आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला फक्त 9 टक्क्यांच्या आसपास भाग जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. जात कळली म्हणजे समोरचे कुत्रे कळले, असे होत नाही.

लोकांचे मत किती फिरते तेही पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या भित्तिपत्रकांवर देशाचे प्रतीक म्हणून पिटबुल कुत्रे होते आणि स्टबी नावाचा असाच एक भटका कुत्रा अमेरिकी पायदळाबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर होता. 1980 च्या दशकात तेच कुत्रे दहशतीचे चिन्ह बनले. 2007 मध्ये मायकल विक या ‘अमेरिकन फुटबॉल’ खेळाडूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून जवळपास 50 कुत्री ताब्यात घेतली गेली. तोपर्यंत झुंजीतली कुत्री सरसकट मारली जात. या वेळी न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र वर्तनचाचणी करायला लावली आणि आक्रमकतेमुळे फक्त एकाला मारावे लागले. काही घरांत रुळली, काहींना कायम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ठेवावे लागले. ‘सगळी सुधारली’ म्हणणारे यातला शेवटचा भाग गाळतात. तो गाळू नये, कारण ज्या कुत्र्याला देखरेख लागते त्याला ती मिळालीच पाहिजे.

बंदीने काय साधले? नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलसारख्या कुत्र्यांवर बंदी घातली आणि चावे कमी होत नाहीत हे पाहून 2008 मध्ये ती मागे घेतली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराची 1989 पासूनची बंदी 2020 च्या मतदानात लोकांनी उठवली आणि तिथे परवाना पद्धत आली. ब्रिटनने 1991 च्या कायद्याने चार जाती बंदीच्या यादीत घातल्या. त्यानंतर कुत्रा चावून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण वाढतच गेले आणि 2023 च्या अखेरीस यादीत एक्सएल बुली, म्हणजे अमेरिकन बुलीचा थोराड प्रकार, घालावा लागला. यादीतले कुत्रे नको म्हणून लोक यादीबाहेरचे, पण तेवढेच दांडगे कुत्रे तयार करतात, हा त्यातला धडा आहे. भारतातही मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवरच्या बंदीचे पत्रक काढले आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार कायदा करून केला तरी चोर मोकळाच राहतो.

मग चोर कोण? अमेरिकेत 2000 ते 2009 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात झालेल्या 256 मृत्यूंचा पोलीस आणि तपास अधिकाऱ्यांकडून माहिती घेऊन अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. 87 टक्के घटनांत मदतीला धावेल असे धडधाकट माणूस जवळ नव्हते. 85 टक्के घटनांत बळी गेलेली व्यक्ती आणि कुत्रे यांची नीट ओळख नव्हती. 84 टक्के कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती. 76 टक्के कुत्री घरच्यांसारखी वाढवलेली नव्हती, माणसांपासून तोडून नुसती आवारात ठेवलेली होती. अशी किमान चार कारणे एकत्र आलेल्या घटना 80 टक्के. जात खात्रीने सांगता आली ती 18 टक्क्यांहूनही कमी घटनांत. यातले जवळजवळ प्रत्येक कारण मालकाच्या हातातले आहे.

आता मालकांसाठी, आणि जे उद्या मालक होणार आहेत त्यांच्यासाठी.

पिल्लू 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांबरोबर खेळताना शिकते. शक्य असेल तर आईला भेटा. आई अनोळखी माणसाला पाहून अंग आखडत असेल, वसवसत असेल, तर पिल्लू कितीही गोड असले तरी घेऊ नका. 3 ते 14 आठवडे हा काळ परत येत नाही. या दिवसांत पिल्लाने छत्री, चाकाची खुर्ची, रडणारे मूल, दाढीवाला माणूस, शांत स्वभावाची मोठी कुत्री असे सगळे पाहिले पाहिजे, पण लांबून आणि त्याला झेपेल एवढेच. लसीकरण पूर्ण व्हायला साधारण 16 आठवडे लागतात, तोवर त्याला कडेवर घेऊन फिरवा. ‘लसी होईपर्यंत घराबाहेर काढायचे नाही’ असे ठरवून पिल्लू चार महिने खोलीत ठेवणाऱ्यांना पुढे भित्रे कुत्रे मिळते, आणि भित्रे कुत्रे चावते.

सगळ्यात जास्त माणसे फसतात ती इथे. बुल जातीचे पिल्लू सहा महिन्यांचे असताना सगळ्या कुत्र्यांशी खेळते. मालक म्हणतो, आमचा कुणाला काही करत नाही. मग एक ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रे मनाने मोठे होते आणि एक दिवस रोजच्याच सोबत्यावर तुटून पडते. ‘अचानक बिघडला’ असे सांगितले जाते. बिघडलेले काही नसते. त्याआधी काही आठवडे दुसरे कुत्रे जवळ आले की तो जागीच ताठ होत असतो, शेपूट वर आणि स्थिर, तोंड मिटलेले, नजर खिळलेली. तीन-चार सेकंदांचा हा ताठरपणा दिसला की खेळ थांबवून कुत्र्याला बाजूला न्यायचे. दोन कुत्री पाळली असतील तर खाणे वेगळ्या खोल्यांत, हाड आणि खेळणी खाली पडलेली नकोत, आणि घरी कोणी नसताना दोघांमध्ये बंद दार. एकाच लिंगाची दोन बुल जातीची कुत्री एका घरात ठेवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गुरगुरण्याबद्दल एक विनंती. कुत्रे गुरगुरले म्हणून त्याला मारू नका, ओरडू नका. तो धोक्याचा भोंगा आहे. मारून भोंगा बंद पडतो, धोका तिथेच राहतो, आणि पुढच्या वेळी कुत्रे न गुरगुरता चावते. गुरगुरण्याच्याही आधी ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, जांभई देणे, श्वास रोखून थिजणे या खुणा येतात. कान कापलेल्या कुत्र्यात यातल्या अर्ध्या खुणा वाचता येत नाहीत, कारण कान मागे गेले की पुढे हेच कळत नाही. दरारा वाटावा म्हणून कान कापणारे मालक आपल्याच कुत्र्याची बोली कापून टाकतात.

गळपट्ट्याची अडचण या जातींत वेगळी असते. मान डोक्याइतकीच जाड, म्हणून साधा पट्टा, दोन बोटे जातील एवढा घट्ट असला तरी, कुत्रे मागे रेटून उलटे निघाले की डोक्यावरून सरकतो. ओढले की ठरावीक मापापर्यंत आवळणारा मार्टिंगेल पट्टा किंवा छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस वापरा, आणि हार्नेस वापरला तरी त्याची कडी गळपट्ट्याला आणखी एका छोट्या दोरीने जोडा. हातातली दोरी दीड ते दोन मीटरची, एकाच लांबीची. गुंडाळत जाणारी दोरी नको. तिच्या झटक्यात कुत्र्याला चार-पाच मीटरची धाव मिळते आणि 30 किलोचे कुत्रे त्या धावेत मूठ सोडवते. कडीचा खटका दर आठवड्याला तपासा. वितळून ओतलेल्या हलक्या धातूचे खटके झिजून एके दिवशी मोडतात, आणि ते नेमके कुत्रे ओढत असतानाच मोडतात.

आवारात कुत्रे मोकळे असेल तर कुत्रे आणि रस्ता यांच्यामध्ये दोन दारे हवीत, दोन्ही एकाच वेळी उघडी असता कामा नयेत. कुंपण सहा फुटांचे, खालून उकरू नये म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरलेली, फाटक स्प्रिंगने आपोआप मिटणारे. कुंपण नाही म्हणून खुंटीला बांधून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्व्हरच्या अभ्यासात साखळीने बांधलेल्या कुत्र्यांनी चावण्याची शक्यता जवळपास पावणेतीनपट निघाली. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. त्याच्याकडे एकच मार्ग उरतो.

मुसक्याविषयी लोकांच्या मनात अढी आहे. मुसके दिसले की ‘चावरा आहे वाटते’ म्हणून लोक बाजूला होतात, म्हणून मालक घालत नाहीत. ही अढी जायला हवी. गर्दीत, लिफ्टमध्ये, दवाखान्यात मुसके घालणारा मालक जबाबदार असतो. पण मुसके जाळीदार, टोपलीसारखेच हवे. त्यात कुत्र्याला तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आले पाहिजे. नाकाच्या टोकापुढे सेंटिमीटरभर जागा, डोळ्यांना पट्टी लागत नाही, कानांमागचा पट्टा एक बोट जाईल इतका. तोंड बांधून टाकणारे कापडी मुसके इंजेक्शनच्या दोन मिनिटांपुरते ठीक. ते घालून उन्हात फिरवले तर कुत्र्याला अंग थंड ठेवता येत नाही आणि उष्माघाताने जीव जातो. बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉगचे नाक मुळात इतके आखूड की त्यांना मुसके नसतानाही श्वास पुरत नाही. त्यांच्याबाबतीत दुपारचे फिरणे बंदच.

मुसके शिकवायला दोन आठवडे धरा. पहिले दोन-तीन दिवस ते नुसते हातात धरायचे आणि आत खाऊ टाकायचा, कुत्रे आपण होऊन तोंड घालेल. मग तोंड आत असताना जाळीतून एकेक तुकडा देत राहायचे, पाच सेकंद, दहा, वीस. पट्टी लावायची ती त्यानंतर, लगेच खाऊ, लगेच सोडायची. पंजाने ओरबाडले म्हणजे आपण घाई केली, एक पायरी मागे यायचे. पहिल्याच दिवशी धरून-पकडून घातलेले मुसके कुत्र्याच्या मनातून कायमचे उतरते, आणि मग मालक म्हणतो, आमच्याला चालत नाही.

आता झुंज जुंपली तर. याबद्दल कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पकड घेतलेल्या कुत्र्याला मागे ओढू नका. सुळे मांसात रुतलेले असतात, ओढले की लचका निघतो. काठीने मारू नका, मार बसला की पकड आवळते. तोंडात हात तर मुळीच नको. बुल जातीचे कुत्रे पाळणाऱ्याने एक पाचर जवळ ठेवावी, कठीण लाकडाची किंवा नायलॉनची, वीतभर लांब, मुठीकडे जाड आणि पुढे चपटी, कडा घासून गोल केलेल्या. कुत्र्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहायचे, गुडघ्यांनी कमरेपुढचा भाग आवळून धरायचा, एका हाताने गळपट्टा पक्का धरायचा. दुसऱ्या हाताने पाचर सुळ्याच्या मागे, दाढांच्या आधी जी फट असते तिच्यात सरकवून मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पिळावा तशी पिळायची. जबडा सुटताच कुत्र्याला वर उचलून वळवायचे आणि दाराआड बंद करायचे. सुटल्या सुटल्या ते पुन्हा धाव घेते, हे विसरू नका. दुसरे कुत्रे सांभाळायला दुसरा माणूस हवाच. हा उपाय फक्त धरून ठेवणाऱ्या कुत्र्यासाठी आहे. बाकी बहुतेक जाती चावतात, सोडतात, पुन्हा चावतात. तिथे पाचर घेऊन गेलात तर पुढचा चावा तुमच्या मनगटाला. त्यांच्यासाठी दोघांनी एकाच वेळी मागचे पाय धरून ढकलगाडीसारखे मागे ओढणे आणि गोल फिरत दूर नेणे हा मार्ग.

माणसाला चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे पंधरासारखी वाटतात. मग जंतुनाशक लावून लगेच दवाखाना. हळद, तिखट, चुना काही भरू नका. वरून दोन छोटी भोके दिसली तरी आत मांस चिरडलेले असू शकते. रेबीजची लस आणि गरज पडल्यास जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) याचा निर्णय त्याच दिवशी झाला पाहिजे. कुत्रे मारू नका, हाकलू नका. 10 दिवस बांधून लक्ष ठेवा, तेवढ्यात ते धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळते. लस मात्र त्यासाठी थांबवायची नाही.

लहान मुलांबद्दल एकच. प्राणघातक हल्ले बहुधा अनोळखी कुत्र्यांचे असले तरी मुलांना होणारे नेहमीचे चावे घरातल्या किंवा ओळखीच्या कुत्र्यांचे असतात, आणि मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असल्याने ते चेहऱ्यावर बसतात. ‘दाई’ ही पदवी या जातींना अलीकडे चिकटवलेली आहे, तिला जुनी परंपरा नाही. कोणत्याही जातीचे कुत्रे आणि सहा-सात वर्षांखालचे मूल एका खोलीत एकटे नको, दोन मिनिटेही नको. मोठे माणूस खोलीत असून मोबाइलमध्ये असेल तर ते नसल्यातच जमा.

संपादक महोदय, हे सगळे लोकांपर्यंत पोहोचायला तुमच्या बातमीदारांची मदत हवी आहे. चाव्याच्या पुढच्या बातमीत जात छापायची असेल तर ती कोणी आणि कशावरून ठरवली तेही छापावे. कुत्रे बांधलेले होते की सुटले होते, सुटले तर कुठून, नसबंदी आणि रेबीजची लस झाली होती का, याआधी तक्रार आली होती का आणि आली असल्यास तिचे काय झाले, मुलाजवळ कोण होते, हे मालकाला आणि स्थानिक प्रशासनाला विचारून लिहावे. उत्तर मिळाले नाही तर ‘उत्तर मिळाले नाही’ असे लिहावे. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने जातीवर बंदी न घालता नोंदणी, परवाना आणि बेफिकीर मालकाला जबर दंड हा रस्ता धरला. तसा कायदा कुठेही मागायचा तर त्याआधी ही उत्तरे छापून आलेली असली पाहिजेत.

आपले,
कुत्र्यांचे प्रशिक्षण व वर्तनोपचार करणारे काही वाचक